बाबासाहेबांचे न्यूयॉर्क : खानावळ, लॉन्ड्री आणि न्हाव्याची खुर्ची

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठ, प्रा. सेलिग्मन, जॉन ड्यूई, १९१५ ची एम. ए. ही माहिती आपल्या घरातील शाळकरी मुलेही जयंतीच्या भाषणात घडाघडा म्हणून दाखवितात. त्यात वावगे काहीच नाही. पण बावीस वर्षांचा एक तरुण, परळच्या चाळीतून निघालेला, घरी बायको, दारिद्र्य आणि नुकतेच वारलेले वडील मागे ठेवून सातासमुद्रापार गेलेला, तो त्या शहरात जेवत कुठे होता? राहत कुठे होता? त्याच्या आसपासची दुकाने कोणती, ती चालविणारी माणसे कोण? हे आपण एकमेकांना क्वचितच विचारतो.

कुणी म्हणेल, काय हा क्षुल्लक प्रश्न! आम्हाला तो क्षुल्लक वाटत नाही. ज्या समाजाला दुकानाच्या पायरीवरून परत फिरविले गेले, ज्याच्या हातात वस्तू ठेवण्याऐवजी ती लांबून टाकली गेली, त्या समाजाच्या उद्धारकर्त्याच्या चरित्रात न्हावी, धोबी, खानावळ आणि भाड्याची खोली हे शब्द पदव्यांइतकेच वजनाचे आहेत. आणि हे आमचे म्हणणे नव्हे. खुद्द बाबासाहेबांनीच आपल्या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा पानापानावर हेच शब्द आले आहेत.

साताऱ्याचे बिऱ्हाड

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचे छोटेसे आत्मकथन. ते पुस्तकरूपाने १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यात बालपणीच्या साताऱ्याच्या घराची हकिकत आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही. सुभेदार रामजींना न्हाव्याचे पैसे परवडत नव्हते असेही नाही. तरीही भावंडांचे केस कापण्याचे काम थोरली बहीण करी, आणि करून करून ती त्यात तरबेज झाली होती. साताऱ्यात धोबी होते, त्यांना द्यायला पैसे होते, तरी कपडे बहिणीच धूत. कारण एकच. अस्पृश्याच्या डोक्याला न्हावी हात लावीत नसे आणि अस्पृश्याचे धोतर धोबी घेत नसे.

आमच्या माता-भगिनींनी इथे क्षणभर थांबून विचार करावा. बहिष्कार कुणी घातला आणि त्याचे काम कुणाच्या अंगावर पडले? घरातल्या मुलींच्या! धोब्याने नाकारलेले गाठोडे आणि न्हाव्याने नाकारलेली कात्री, दोन्ही बहिणींच्या हाती आली. अस्पृश्यतेचा हा हिशेब सहसा कुणी मांडीत नाही.

त्याच आठवणींत १९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंग आहे. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, भाऊ आणि भाचा वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले होते. स्टेशनाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या. मुलांची जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी सौदा ठरला तो असा, की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार! जगात कुठल्या धंद्यात गिऱ्हाईक दुप्पट पैसे मोजून स्वतःच काम करते? पैशाने सर्व काही मिळते म्हणणाऱ्यांनी मसूरची ही बैलगाडी लक्षात ठेवावी.

ते शहर कसे होते?

अशा अनुभवांचे गाठोडे घेऊन भीमराव ज्या शहरात उतरले त्याची लोकसंख्या १९१० च्या शिरगणतीत सुमारे ४७ लाख ६७ हजार होती. त्याच वर्षी, एप्रिल १९१३ मध्ये, तेथे वूलवर्थ इमारतीचे उद्घाटन झाले होते. उंची ७९२ फूट, त्या काळी जगात सर्वांत उंच. ही इमारत राजाने किंवा सरकारने बांधलेली नव्हती. पाच आणि दहा सेंटांना किरकोळ वस्तू विकणाऱ्या दुकानांच्या मालकाने ती उभी केली. सुया, बटणे, कंगवे, खेळणी विकून! या वूलवर्थच्या दुकानाची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

जमिनीखालून धावणारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली होती. भाडे पाच सेंट, जवळ जा की लांब जा. एक स्टेशन तर कोलंबिया विद्यापीठाच्या दाराशीच, ११६ व्या रस्त्यावर. डब्यात गिरणीकामगार, कारकून, प्राध्यापक एकाच बाकावर. रस्त्यावर मोटारी आल्या होत्या, पण दूध आणि बर्फ अजून घोडागाडीतून येई. विजेवरची शीतकपाटे घरोघर पोहोचली नव्हती. बर्फवाला पाठीवर लादी घेऊन मजले चढे आणि घरातल्या लाकडी पेटीत बर्फ ठेवून जाई. शहराच्या दक्षिण भागात, हेस्टर स्ट्रीटच्या बाजूला, रशियातून जीव वाचवून आलेले यहुदी हातगाड्या लावून मासे, कांदे, जुने कोट, चष्मे असे वाटेल ते विकीत. गरिबांच्या चाळी अंधाऱ्या, कोंदट होत्या. त्यांत उजेड-वारा आणि संडासाची सोय असावी म्हणून १९०१ साली कायदा करावा लागला. बीआयटी चाळीत जन्म काढलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना हे चित्र परके वाटणार नाही. मुंबईतही प्लेगनंतर, १८९८ साली, इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट त्याच कारणासाठी निघाला होता.

एका नव्या प्रकारच्या खानावळीबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. १९१२ साली टाइम्स स्क्वेअरला 'ऑटोमॅट' नावाचे उपाहारगृह उघडले. तेथे वाढपी नाही. भिंतभर काचेची छोटी छोटी कपाटे, प्रत्येकात एक बशी. खाचेत पाच सेंटांचे नाणे टाकायचे, मूठ फिरवायची, दार उघडून आपली बशी घ्यायची. नाण्याला धर्म नसतो, भिंतीला विटाळ होत नाही! आपल्याकडे त्या काळी हॉटेलात आपल्यासाठी कपबशी वेगळी असे, ती बाहेर वळचणीला ठेवलेली असे, आणि चहा पिऊन झाल्यावर आपणच ती धुऊन जागेवर ठेवायची असे. हे सारे अनेक गावांत नंतर कितीतरी वर्षे चालू राहिले. त्या बाहेरच्या कपबशीवर चहा घेतलेली माणसे आजही आपल्या घरात आहेत. त्यांना ऑटोमॅटचे वर्णन वाचून दाखवा आणि त्यांचा चेहरा पाहा.

साडेअकरा पौंडांचा संसार

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. त्या वेळच्या भावाने हे सुमारे ५६ डॉलर होतात. यात राहणे, खाणे, कपडे, पुस्तके, आणि घरी पाठवायचे तेही यातूनच.

प्रथम बाबासाहेब विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील जेवण मानवले नाही. आठवड्याभरात त्यांनी ते सोडले आणि ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात राहू लागले. काही हिंदी विद्यार्थी तेथे होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर त्यांनी बिऱ्हाड केले. या भथेनांची मैत्री जन्मभर टिकली. पुढे बाबासाहेब पैशाच्या अडचणीत आले तेव्हा हाच मित्र मदतीला आला.

चरित्रकार धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या न्यूयॉर्कमधील जेवणाचा तपशील दिला आहे. एक कप कॉफी, दोन मफिन म्हणजे गोलसर जाड पाव, आणि मांसाचा किंवा माशाचा एक पदार्थ. खर्च एक डॉलर दहा सेंट. आता गृहिणींनी हिशेब करावा. दिवसाला एक डॉलर दहा सेंट, म्हणजे महिन्याला ३३ डॉलर. छप्पन्नातून तेहतीस गेले, उरले तेवीस. त्यात खोलीचे भाडे आणि थंडीचा कोट. सिगारेट, मद्य, नाटक-तमाशे यांना जागाच नव्हती. भूक दांडगी आणि खिसा लहान! तरीही त्यातून घरी पैसे पाठविले, आणि तरीही पुस्तके घेतली. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले, असे कीर सांगतात. ते पुस्तकांचे ओझे एका परिचिताबरोबर भारतात पाठविले, पण त्यातली बरीचशी पुस्तके पोहोचलीच नाहीत.

या तीन वर्षांत त्यांनी विद्यापीठाचे साठ अभ्यासक्रम घेतले. त्यांपैकी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६. बाकी तत्त्वज्ञान, मानवशास्त्र, राज्यशास्त्र आणि थोडे फ्रेंच-जर्मन. एम. ए.चा प्रबंध कशावर? प्राचीन भारतातील व्यापारावर! ज्याच्या बापजाद्यांना पेठेत दुकान मांडण्याची मुभा नव्हती, त्याने पहिला प्रबंध व्यापारावर लिहिला. हा योगायोग आहे असे ज्यांना वाटते त्यांना वाटो. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला आणि पुढच्याच महिन्यात ते लंडनला निघाले.

त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. लक्षात घ्या, ही जाणीव केवळ वर्गात प्राध्यापकाने मान दिला म्हणून पुसली गेली नसणार. रोज सकाळी कुणी कॉफीचा कप हातात दिला, बाकावर शेजारी बसून घेतले, पुस्तकाची किंमत सांगून पैसे हातातून हातात घेतले, आणि नाव विचारले तरी पुढचा प्रश्न विचारला नाही, अशा शेकडो लहान गोष्टींनी ती पुसली गेली.

त्याच शहरातील दुसरी रांग

पण न्यूयॉर्क म्हणजे स्वर्ग होता, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. तिथेही माणसाची पारख होत होती, फक्त आडनावावरून नव्हे, कातडीवरून. वूलवर्थ इमारतीचे दिवे वॉशिंग्टनमध्ये बसून कळ दाबून लावणारे अध्यक्ष वुड्रो विल्सन, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९१३ सालीच केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत काळ्या कारकुनांना गोऱ्यांपासून वेगळे बसविण्याला सुरुवात झाली. न्यूयॉर्क राज्यात हॉटेल, उपाहारगृह, न्हाव्याचे दुकान, नाट्यगृह सर्वांना खुले असावे असा कायदा १८९५ पासून होता. कायदा होता, पण काळा माणूस आत आला की टेबल 'राखीव' असे, किंवा बिल भलतेच येई, आणि नाट्यगृहात त्याला वरच्या माडीवर जागा दाखवली जाई.

धंद्यांचेही असेच. चिनी माणसांच्या येण्यावर १८८२ च्या कायद्याने बंदी घातली होती, आणि जे आधीच आलेले होते त्यांना इतर कामांत कुणी उभे करीत नव्हते. मग त्यांनी लॉन्ड्री काढल्या. न्यूयॉर्कच्या गल्लोगल्ली चिनी धोब्याचे दुकान असे. एकटा माणूस, मागे झोपायची फळी, पुढे इस्त्री. साताऱ्याला धोबी आपले कपडे घेत नव्हता, आणि इथे ज्याला दुसरे काही करू दिले नाही तो जगाचे कपडे धूत होता! अपमानाची उलटसुलट रूपे कशी असतात पाहा.

न्हाव्याची गोष्ट तर याहून विलक्षण. दक्षिणेतील अटलांटा शहरात अलोन्झो हर्नडन नावाचे गृहस्थ होते. जन्म १८५८, गुलामगिरीत. त्यांनी केशकर्तनालय काढले, संगमरवर आणि मोठे आरसे लावलेले, शहरात नावाजलेले. पण त्या खुर्चीवर गिऱ्हाईक म्हणून फक्त गोरेच बसू शकत. कात्री काळ्याची, खुर्ची काळ्याच्या मालकीची, आणि काळ्याचे केस तिथे कापले जात नाहीत! हर्नडन यांनी मात्र त्या मिळकतीतून १९०५ साली आपल्या लोकांसाठी विमा कंपनी उभारली. ती अटलांटा लाइफ या नावाने प्रसिद्ध झाली.

बाबासाहेबांनी 'गुलाम आणि अस्पृश्य' यांची तुलना करताना जे मांडले ते इथे आठवते. गुलाम ही धन्याची मालमत्ता होती, म्हणून धनी त्याला जगवीत असे, कसब शिकवीत असे. सुतारकी, लोहारकी, गवंडीकाम गुलामाच्या हाती आले. अस्पृश्य कुणाचीच मालमत्ता नव्हता. त्याला मोकळे म्हणत आणि सर्व कसबांची दारे बंद ठेवीत. न्हाव्याचा वस्तरा हातात येणे दूरच, तो डोक्याला लागणेही नशिबात नव्हते.

टेकडीखालचे हार्लेम

कोलंबिया विद्यापीठ एका टेकडीवर आहे. पूर्वेला कड्याच्या उतारावर बाग, आणि बागेपलीकडे खाली हार्लेम. बाबासाहेब शिकत होते त्याच वर्षांत या हार्लेमचा कायापालट होत होता. त्याचे कारण आमच्या नवी मुंबईकर वाचकांना चटकन समजेल.

सारसोळे हे मूळचे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. १९७० मध्ये सिडको आली, जमिनी गेल्या, गावठाणाभोवती नेरूळचे सेक्टर उभे राहिले. १९९३ मध्ये लोकल नेरूळपर्यंत आली. रेल्वे येणार म्हटले की आधी इमारती उठतात आणि माणसे मागून येतात, हे इथल्या जुन्या रहिवाशांना कुणी सांगायला नको. हार्लेममध्ये नेमके तेच झाले होते. १९०४ ला भुयारी रेल्वे येणार म्हणून बिल्डरांनी भराभर इमारती बांधल्या. गोरे भाडेकरू पुरेसे आले नाहीत. घरे रिकामी पडली, कर्जे डोक्यावर बसली. तेव्हा फिलिप पेटन या काळ्या दलालाने घरमालकांना सांगितले, माझ्याकडे भाडेकरू आहेत, नियमित भाडे देतील. १९०४ मध्ये त्याने स्वतःची कंपनीच काढली. गोऱ्या मालकांपैकी काहींनी चिडून आपापसांत लेखी करार केले, की काळ्यांना घर भाड्याने द्यायचे नाही. काळ्यांकडून भाडे जास्त मिळत होते, म्हणून त्यातल्या कित्येकांनी करार मोडला हा भाग वेगळा! पेटनची कंपनी १९०८ मध्ये बुडाली. पण लोक आले ते आले.

मग त्यांच्या चर्चने काय केले? सेंट फिलिप्स या काळ्यांच्या चर्चने १९११ साली १३५ व्या रस्त्यावरील दहा इमारतींची सलग ओळ ६ लाख ४० हजार डॉलरना विकत घेतली आणि आपल्या माणसांना घरे दिली. आमच्या विहार समित्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. आम्ही विहाराला फरशी बसविण्यासाठी वर्गणी काढतो, ती काढलीच पाहिजे. पण प्रार्थनेसाठी जमलेल्या लोकांनी भाड्याच्या खोलीचा प्रश्नही हातात घेतला होता. आजही आमच्या मुलामुलींना नेरूळ, सीवूड्स, जुईनगरला खोली शोधताना दलाल आधी आडनाव विचारतो, आणि मग 'मालक नाही म्हणतात' असा फोन येतो.

हार्लेमच्या बायकांबद्दल लिहिल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. लुइझियानातील साराह ब्रीडलव्ह, जन्म १८६७. आईबाप गुलाम होते. चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात मुलगी. सेंट लुईस शहरात तिने वर्षानुवर्षे लोकांचे कपडे धुतले. पुढे तिने केसांसाठी औषधी मलम करून दारोदार विकायला सुरुवात केली, 'मॅडम सी. जे. वॉकर' हे नाव घेतले, इंडियानापोलिसला कारखाना काढला. बाबासाहेब न्यूयॉर्क सोडत होते त्या १९१६ साली ती हार्लेमला राहायला आली. १३६ व्या रस्त्यावर तिचे केशभूषागृह होते. तिचा खरा धंदा मलमाचा नव्हता असे आमचे मत आहे. तिने हजारो काळ्या बायकांना विक्रेत्या म्हणून तयार केले. ज्या काल दुसऱ्याच्या घरी भांडी-कपडे करीत होत्या त्या स्वतःच्या कमाईच्या झाल्या. १९१७ मध्ये तिने या विक्रेत्यांचे अधिवेशन भरविले. १९१९ मध्ये ती वारली तेव्हा तिचे नाव देशभर झाले होते.

दुसरी लिलियन हॅरिस. ती इतकीही पुढे आलेली नव्हती. लहान मुलाच्या बाबागाडीवर शिजवलेले डुकराचे पाय ठेवून ती रस्त्यावर विकी. लोक तिला 'पिग फूट मेरी' म्हणत. पुढे तिने हार्लेममध्ये टपरी टाकली, मग घरे विकत घेतली. आमच्या बायका वडापावची, चायनीजची गाडी लावतात तेव्हा घरातलेच लोक नाक मुरडतात. त्यांना ही बाबागाडी दाखवावी.

मात्र पैसा आला म्हणजे सुरक्षितता आली असे समजू नये. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात काळ्यांची ग्रीनवूड नावाची भरभराटलेली पेठ होती. हॉटेल, सिनेमागृह, दवाखाने, वर्तमानपत्र सर्व काही त्यांचे स्वतःचे. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ती जाळून टाकली. सुमारे पस्तीस चौकांची राख झाली. १९७८ चा मराठवाडा पाहिलेल्यांना अधिक सांगायला नको.

बडोदा आणि मुंबई

१९१७ मध्ये बाबासाहेब परतले आणि कराराप्रमाणे बडोद्याला गेले. स्टेशनवर उतरताच पहिला प्रश्न होता, उतरायचे कुठे? हिंदू हॉटेल घेणार नाही हे ठाऊक. शेवटी एका पारशी विश्रांतिगृहात, रोज दीड रुपया भाड्याने, पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. कोलंबियाचा तो एम. ए. सामान बाहेर काढून बागेत झाडाखाली बसला, रात्रीच्या गाडीची वाट पाहत. चार वर्षांपूर्वी ज्याने न्यूयॉर्कमध्ये दोन वेळा जागा बदलली, आणि दोन्ही वेळा स्वतःच्या मर्जीने!

मुंबईला आल्यावर त्यांनी जो उद्योग केला तो आमच्या तरुणांना फारसा माहीत नसतो. शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी कचेरी त्यांनी काढली. कामही मिळू लागले. सल्ला देणारा महार आहे हे कळले आणि गिऱ्हाईक तुटले. सल्ला तोच, अर्थशास्त्र तेच. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथे सहकाऱ्यांनी पाण्याच्या माठावरून कुरकुर केली.

'दुकान' कशाला म्हणावे?

आता २९ नोव्हेंबर १९४८ या दिवशी संविधान सभेत काय झाले ते पाहू. भेदभाव मनाईचे कलम चर्चेला होते. आज ते १५ वे कलम आहे. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात असे आहे, की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागी मज्जाव करता येणार नाही. विहिरी, तलाव, घाट, रस्ते त्याच्या पुढे. एका सदस्याने विचारले, 'दुकान' या शब्दात लॉन्ड्री आणि केशकर्तनालय येते का?

उत्तर द्यायला उभे होते बाबासाहेब. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दुकान हा शब्द इथे व्यापक अर्थाने आहे. जो कुणी आपली सेवा लोकांना देऊ करतो त्याची जागा म्हणजे दुकान. आणि नुसते आत शिरू देणे पुरेसे नाही. मोबदला ठरला की सेवा मिळाली पाहिजे.

साताऱ्याची थोरली बहीण, तिच्या हातातली कात्री, धोब्याने नाकारलेले गाठोडे आणि मसूरचा गाडीवान ज्यांना आठवतो, त्यांना हे उत्तर कायद्याच्या पुस्तकातले वाटणार नाही.

अमेरिकेला मात्र असा देशव्यापी कायदा करायला १९६४ साल उजाडले. त्याआधी १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी एका दुकानात गेले. टूथपेस्ट आणि किरकोळ वस्तू विकत घेतल्या. त्या गल्ल्यावर पैसे बिनतक्रार घेतले गेले. मग ते त्याच दुकानातल्या कॉफीच्या कट्ट्यावर बसले. कॉफी मिळाली नाही. ते उठलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, मग शेकडो आले. जुलैअखेर त्या कट्ट्याला नमावे लागले. ते दुकान कुणाचे? वूलवर्थचे! बाबासाहेब उतरले त्या वर्षी ज्याची इमारत आकाशाला टेकली होती, तेच. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला ओंजळ भरून घेतलेले पाणी आणि ग्रीन्सबरोची न मिळालेली कॉफी यांत आम्हाला तरी फरक दिसत नाही.

आज सारसोळे गावठाणातून नेरूळच्या सेक्टर ६ कडे चालत गेले तर दहा मिनिटांत सलून, इस्त्रीवाला, खानावळ, रिक्षा सर्व भेटते. कुणी जात विचारत नाही. पैसे मोबाईलवरून गेले की पलीकडच्या पडद्यावर आपले नाव आडनावासकट उमटते, आणि बहुतेक वेळा त्याकडे कुणी पाहतही नाही. आमच्या मुलांना हे इतके साधे वाटते, की आजोबांचे केस कोण कापीत असे हे विचारावे असेही त्यांना सुचत नाही.

म्हणूनच या पानातर्फे आमची वाचकांना एक विनंती आहे. सारसोळे, कुकशेत, नेरूळ, करावे आणि आसपास राहणाऱ्या आपल्या घरांत मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून आलेले ऐंशी-नव्वदीचे वडीलधारे अजून आहेत. त्यांना एवढेच विचारा : तुमच्या गावात न्हाव्याने तुमचे केस पहिल्यांदा कधी कापले? हॉटेलात आतल्या बाकावर बसून पहिला चहा कोणत्या साली घेतला? वाण्याने सामान हातात कधी दिले? तोवर घरात ती कामे कोण करीत होते? गावाचे नाव आणि साल आठवेल तसे लिहा. आजीला लिहिता येत नसेल तर नातवाने मोबाईलवर तिचा आवाज भरून घ्यावा आणि तो उतरवून आमच्याकडे पाठवावा. नाव छापायचे नसेल तर तसे कळवावे. आलेल्या आठवणी याच कुटुंब पानावर क्रमाने छापू.

जयभीम!